सापडलं, तपासलं, पाठवलं: इंटरनेटवरच्या गमतीजमती इतरांना कशा द्याव्यात

टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाला एक छोटी रंगीत पट्टी असते. हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक पेस्ट आणि काळी म्हणजे निव्वळ रसायन, असा निरोप कित्येक वर्षं फिरतो आहे. खरं कारण कारखान्यात सापडतं. ट्यूबचं आवरण लांबलचक गुंडाळीवर छापलेलं असतं आणि कुठे कापायचं, कुठे दाबून बंद करायचं हे यंत्राला कळावं म्हणून ती खूण असते. यंत्रातला प्रकाशाचा सेन्सर ती खूण ओळखतो. मागच्या रंगापेक्षा ठळक उठून दिसणारा कोणताही रंग त्याला चालतो. पेस्टमध्ये काय आहे याच्याशी पट्टीचा काडीचाही संबंध नाही.

खरं कारण खोट्यापेक्षा जास्त रंजक आहे, तरी जगभर फिरलं ते खोटं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. खऱ्या कारणापर्यंत पोहोचायला बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेवढा वेळ दिला तर वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी टिकाऊ पडतं. इंटरनेटवर किंवा रोजच्या वापरातल्या वस्तूंत काही मजेशीर दिसलं आणि ते मित्रांना, घरच्यांना, ग्रुपवर सांगावंसं वाटलं, तर काय काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: दिसताक्षणी टिपून ठेवा

आवडलेली गोष्ट लगेच पाठवायचा मोह होतो. त्याऐवजी आधी नोंद करा. फोनमध्ये एकच फाइल ठेवा आणि तिच्यात तीन गोष्टी लिहा: पानाची लिंक, आजची तारीख, आणि आपल्याला त्यात नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण चार दिवसांनी नुसती लिंक पाहून आपण ती का ठेवली होती ते आठवत नाही. उघडे ठेवलेले टॅब आणि कधीच न चाळलेले बुकमार्क यांचा या कामी उपयोग होत नाही. निदान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशीही ती गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटत असेल, तर पुढच्या पायरीला लागा.

विषय शोधायला फार लांब जावं लागत नाही. लॅपटॉपच्या चार्जरच्या किंवा जुन्या मॉनिटरच्या वायरवर टोकाजवळ जी जाड गाठ असते, तिच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाचं नळकांडं असतं. उच्च वारंवारतेचा विजेचा गोंगाट ते दाबून टाकतं. कीबोर्डवरच्या एफ आणि जे या अक्षरांवरचे उंचवटे न बघता बोटं जागेवर ठेवता यावीत म्हणून असतात. अनेक मोटारींच्या इंधनकाट्याशेजारी एक छोटा बाण असतो आणि टाकीचं झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. वस्तू रोजची असावी आणि ‘हे असं का?’ या प्रश्नाला ठोस उत्तर असावं, एवढी अट मला पुरेशी वाटते.

दुसरी पायरी: मूळ गाठा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्यांत थोडी घाई झाली तरी निभावतं, इथे निभावत नाही.

एक उदाहरण घेऊ. फोनच्या बटणांवर 1-2-3 वरच्या ओळीत असतात आणि कॅल्क्युलेटरवर 7-8-9. असं का, तर लोकांनी फार भराभर बटणं दाबू नयेत म्हणून फोन बनवणाऱ्यांनी मुद्दाम क्रम उलटा केला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. कथा सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ती पुढे सरकते. मूळ शोधायचं तर पहिला प्रश्न असा विचारा: हा निर्णय कुणी घेतला, आणि त्या लोकांनी त्या वेळी काही लिहून ठेवलं होतं का? बटणांचे फोन विकसित झाले बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत. तिथल्या आर. एल. डाइनिंगर यांचा या प्रयोगांवरचा सविस्तर लेख जुलै 1960 च्या ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये छापलेला आहे. लोकांना बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या देऊन नंबर फिरवायला लावले होते. कॅल्क्युलेटरसारखी मांडणीही त्यांत होती. किती वेळ लागतो, किती चुका होतात, वापरणाऱ्याला काय आवडतं, हे सगळं मोजलं. संशोधकांना वेग हवा होता आणि चुका कमी हव्या होत्या. चांगल्या ठरलेल्या मांडण्यांमधला फरक थोडाच निघाला. अशी बटणं असलेले फोन ग्राहकांना मिळू लागले ते नोव्हेंबर 1963 पासून. हे कळल्यावर ‘मुद्दाम वेग कमी केला’ ही कथा बाजूला पडते आणि तिच्या जागी त्याहून सुंदर गोष्ट येते: रोज नकळत वापरतो त्या बटणांच्या रचनेमागे माणसांवर केलेले शिस्तीचे प्रयोग होते.

मुळापर्यंत जायची रीत साधी आहे. बातमीत किंवा पोस्टमध्ये एखादं नाव, साल किंवा चमत्कारिक शब्द असतो, तो उचला. विकिपीडियावर त्या विषयाचं पान उघडा. लेख चाळून थांबू नका, तळटिपांकडे जा. विधानाशेजारचा आकडा दाबला की ते कशावरून लिहिलं आहे ते कळतं. मूळ लेखाचं शीर्षक मिळालं की ते अवतरणचिन्हांत घालून शोधा, म्हणजे नेमके तेच शब्द असलेली पानं समोर येतात. शोधयंत्रात तारखेची चाळणी असते, ती लावून सर्वांत जुना उल्लेख पाहा. दहा पानांवर एकच मजकूर दिसला म्हणून दहा साक्षीदार मिळाले असं समजू नका. बऱ्याचदा नऊ जणांनी एकाचंच उचललेलं असतं.

एआयला विचारलं तरी हरकत नाही, फक्त त्याला उत्तराऐवजी स्रोत विचारा आणि तो स्रोत स्वतः उघडून वाचा. अस्तित्वातच नसलेले संदर्भ ही साधनं आत्मविश्वासाने देऊ शकतात.

फोटोंसाठी वेगळी तपासणी लागते. गूगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनांत चित्र टाकलं की ते आधी कुठे कुठे आलं आहे ते दिसतं. पूर आलेल्या हमरस्त्यावर मोटारीशेजारून पोहणाऱ्या शार्कचा फोटो तुम्ही पाहिला असेल. 2011 मधल्या आयरीन वादळापासून जवळपास प्रत्येक मोठ्या वादळात तो नव्या गावाच्या नावाने परत येतो. त्यातला शार्क उचललेला आहे छायाचित्रकार थॉमस पेशाक यांच्या एका खऱ्या फोटोतून. समुद्रात एका छोट्या कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीच्या, मागे शार्क येतो आहे, असा तो फोटो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा साधनात चित्रावरून शोध घेतला की हे काही क्षणांत कळतं.

या कथेचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स शहरात इयन वादळाच्या वेळी, घरामागच्या पाण्यात शार्कसारखा मासा फिरत असल्याचा व्हिडिओ आला. पुन्हा तोच खोटा शार्क, असं म्हणून अनेकांनी तो झटकून टाकला. वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसने मूळ फाइलमधली माहिती तपासली, आणि व्हिडिओ खरा निघाला. म्हणजे ‘हे खोटंच असणार’ हासुद्धा एक दावाच आहे आणि त्यालाही तेवढाच पुरावा लागतो. तपासायची सवय लागलेल्या माणसाने हे विशेष लक्षात ठेवावं, कारण काही दिवसांनी त्याला सगळंच खोटं दिसू लागतं.

तारीख पाहायला विसरू नका, त्यातही 1 एप्रिलची. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या अधिकृत मालिकेत, जिला आरएफसी म्हणतात, क्रमांक 1149 चा एक दस्तऐवज आहे. कबुतरांच्या पायाला कागद बांधून इंटरनेटची माहिती कशी पाठवावी, याचे नियम त्यात गंभीर भाषेत दिले आहेत. तारीख 1 एप्रिल 1990. दस्तऐवज खरा, हेतू विनोदाचा. त्यानंतर 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या, लिनक्स या संगणकप्रणालीच्या चाहत्यांनी तो खरोखर अमलात आणला: कबुतरांकरवी माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, 9 पाठवली, त्यांपैकी 4 ची उत्तरं परत आली आणि एकेका उत्तराला तासाभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागला. अशा गोष्टीवर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा एकच शिक्का मारता येत नाही. ती विनोद म्हणून लिहिली गेली, हे पाठवताना सांगायला हवं, आणि ती प्रत्यक्षात उतरली हेही.

मूळ सापडलंच नाही तर? मग पाठवू नका. नोंद फाइलमध्ये राहू द्या. काही नोंदींचा उलगडा पुष्कळ उशिरा होतो.

तिसरी पायरी: जमेल तिथे स्वतः करून पाहा

रोजच्या तंत्रज्ञानातल्या कितीतरी गोष्टी घरबसल्या पडताळता येतात. मला या प्रकारातल्या गमती सर्वांत आवडतात, कारण मिळणाऱ्याला त्या फक्त वाचाव्या लागत नाहीत, करता येतात.

टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण स्क्रीनवर रिमोटच्या टोकाशी जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आहे. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. आता हे करून पाहिल्याचा फायदा बघा. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी दाट चाळणी असते, त्यामुळे तिथे ठिपका फिका दिसतो किंवा दिसतच नाही. पुढचा कॅमेरा वापरला की बहुतेक वेळा दिसतो. काही नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांचं बटण दाबून बहुधा काहीच दिसणार नाही. ‘रिमोटचा प्रकाश फोनमध्ये दिसतो’ एवढंच पाठवलं असतं, तर निम्म्या लोकांनी ‘आमच्याकडे होत नाही’ असं कळवलं असतं. करून पाहिलं की ‘पुढचा कॅमेरा वापरा’ हे तीन शब्द निरोपात आपोआप येतात.

क्यूआर कोडचंही तसंच. ‘अर्धा फाटला तरी चालतो’ असं सर्रास सांगतात. कोडाच्या मध्यावर किंवा उजव्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून स्कॅन करा, बहुधा चालेल. मग तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांपैकी एक झाका, साधारणपणे अडेल. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला. त्यात चूक भरून काढायच्या चार पातळ्या आहेत: सुमारे 7, 15, 25 आणि 30 टक्के माहिती खराब झाली तरी ती पुन्हा जुळवता येते. कोणती पातळी ठेवायची ते कोड बनवणारा ठरवतो. कोपऱ्यातले तीन चौकोन मात्र कोड कुठे आहे आणि कसा वळलेला आहे हे शोधण्यासाठी असतात, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून ‘अर्धा’ हा शब्द खोडा आणि ‘जास्तीत जास्त तीस टक्क्यांपर्यंत, तेही कोपरे शाबूत असतील तर’ असं लिहा. कोडाच्या मधोमध बोधचिन्ह बसवूनही तो का चालतो, याचं उत्तर यातच मिळून जातं.

चौथी पायरी: लिंक नीट करा

लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर येणारी अक्षरांची लांब शेपटी पाहा. तिच्यात यूटीएम (utm) किंवा एफबीक्लिड (fbclid) या अक्षरांनी सुरू होणारे तुकडे असतील, तर ते तुम्ही कुठून आलात याची नोंद ठेवण्यासाठी असतात. ते काढून टाकले तरी पान उघडतं. प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच मात्र सरसकट उडवू नका. काही ठिकाणी लेखाचा किंवा व्हिडिओचा क्रमांकच तिथे असतो. छाटलेली लिंक नव्या खासगी विंडोत उघडून पाहा आणि मगच पाठवा. या तपासणीत पान लॉगिन मागतं का, हेही कळतं.

शक्य तिथे नेमक्या जागेवर नेणारी लिंक द्या. व्हिडिओ असेल तर ठरावीक मिनिटापासून सुरू होणारी लिंक शेअरच्या पर्यायात मिळते. लांब लेखातलं एकच वाक्य दाखवायचं असेल, तर क्रोममध्ये ते निवडा, माउसची उजवी कळ दाबा आणि ‘कॉपी लिंक टू हायलाइट’ घ्या. उघडणारा थेट त्या वाक्यापाशी पोहोचतो. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा टाळा. आपण कुठे जाणार आहोत हे वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि ती सेवा बंद पडली की सगळ्याच लिंक मरतात.

लिंक मरण्याचं प्रमाण आपल्या कल्पनेपेक्षा मोठं आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, 2013 मध्ये असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून जे पान खरोखर मोलाचं वाटतं ते वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ वापरून जतन करा आणि तीही लिंक नोंदीत ठेवा. उलट, कुणी पाठवलेली जुनी लिंक मेलेली असेल तर तिचा पत्ता तिथे टाका. बऱ्याचदा जुनी प्रत सापडते. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने 2013 मध्ये जगातलं पहिलं संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभं केलं. आज ते उघडून वाचता येतं, आणि नव्याने इंटरनेट शिकणाऱ्याला पाठवायला याहून चांगली लिंक मला सुचत नाही.

पाचवी पायरी: तीन-चार वाक्यं स्वतःची लिहा

नुसती लिंक टाकली की वाचणाऱ्याला ती उघडायची की नाही हे आंधळेपणाने ठरवावं लागतं. ‘नक्की वाचा’, ‘विश्वास बसणार नाही’ असल्या शब्दांनी काहीच सांगितलं जात नाही. काय आहे, त्यात विशेष काय, आणि हे कशावरून, इतकं लिहा. मजकूर असा असावा की लिंक न उघडणाऱ्यालाही काहीतरी मिळावं.

‘जगातला पहिला वेबकॅम कॉफीच्या भांड्यासाठी होता!’ हे वाक्य खूप फिरतं. त्याऐवजी असं लिहून पाहा:

‘केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 मध्ये कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवला होता, कारण लांबच्या खोल्यांतून चालत येणाऱ्यांना भांडं रिकामं मिळायचं. सुरुवातीला हे चित्र फक्त प्रयोगशाळेतल्या संगणकांवर दिसे. वेबवर ते 1993 मध्ये आलं आणि 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला. सोबतची हकीकत लिहिली आहे क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी, जे त्या प्रोग्रामच्या कर्त्यांपैकी एक होते.’

दुसऱ्या मजकुरात 1991 आणि 1993 वेगळे दिले आहेत, कारण नेमकी तिथेच गफलत होते: कॅमेरा आला तेव्हा चित्र वेबवर नव्हतंच. माहिती कुणाकडून आली तेही वाचणाऱ्याला कळतं. उद्गारचिन्ह लावायची गरज उरत नाही, गोष्टच पुरेशी गोड आहे.

आपला अंदाज आणि मिळालेली माहिती वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा. ‘मला वाटतं’ हे शब्द लिहायला संकोच करू नका. आणि ज्याच्याकडून ती गोष्ट तुम्हाला कळली त्याचंही नाव घ्या. मूळ कर्त्याचं श्रेय वेगळं आणि शोधून देणाऱ्याचं वेगळं, दोन्ही द्यावीत. संपूर्ण लेख कॉपी करून चिकटवू नका, चार ओळी उद्धृत करून लिंक द्या. लिहिणाऱ्याच्या पानावर वाचक पोहोचणं हा त्याचा हक्क आहे.

सहावी पायरी: चित्रं आणि स्क्रीनशॉट

पान बदलण्याची शक्यता असेल तेव्हा स्क्रीनशॉट उपयोगी, पण लिंकसोबतच. एकट्या स्क्रीनशॉटवरून काहीच तपासता येत नाही. पाठवण्याआधी चारही कडा बघा: वर आलेल्या सूचना, उघड्या टॅबची नावं, कुणाचा फोन नंबर, अनोळखी माणसाचं खातं. झाकायचं असेल तर पूर्ण काळा चौकोन वापरा; धूसर केलेला किंवा हायलाइटरने रंगवलेला मजकूर पुष्कळदा वाचता येतो. 2023 मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या चित्र कापण्याच्या सोयीत एक दोष उघड झाला होता: कापून टाकलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहायचा आणि काही प्रमाणात परत मिळवता यायचा. म्हणून नाजूक काही कापलं असेल, तर कापलेल्या चित्राचाच पुन्हा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा.

स्वतः काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते. मेसेजिंग ॲपमध्ये फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती बहुधा तशीच जाते. चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं ॲप वापरणाऱ्या अंध व्यक्तीलाही ती गंमत कळेल.

सातवी पायरी: कुणाला, किती

सगळं सगळ्यांना पाठवू नका. एका माणसाचं नाव मनात आणा आणि त्याला यात काय आवडेल याचा विचार करा. तसं नाव सुचलं नाही तर ती गोष्ट बहुधा अजून कच्ची आहे. व्हॉट्सॲपवर मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा अधिक हात फिरलेल्या निरोपाला दुहेरी बाणाची खूण लागते, आणि एप्रिल 2020 पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ती खूण दिसली की दुसऱ्या पायरीवर परत जा.

आणि पाठवलेलं चुकीचं निघालं तर? जिथे पाठवलं तिथेच, त्याच निरोपाला उत्तर देऊन दुरुस्ती लिहा: काय चुकलं, बरोबर काय, आणि ते कशावरून. जुना निरोप गुपचूप पुसून टाकू नका. ज्यांनी तो आधीच पुढे पाठवला आहे, त्यांना त्यामुळे काहीच कळत नाही. ग्रुपबाहेर स्वतंत्रपणे कुणाला पाठवला असेल, तर त्यालाही तीच दुरुस्ती वेगळी पाठवा. दुरुस्ती दाखवून देणाऱ्याचं नाव तिच्यात असू द्या, आणि आपल्या फाइलमधली नोंदही त्याच दिवशी बदला.